दोन बोटं अंतर

पहिला पाइप मीच बसवला होता. सरळ.
टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत जवळच्या वाटेने,
एक्झॉस्टच्या अंगावरून.
हातखंब्याचा चढ अर्धा चढलो
आणि बॉनेटखाली कुणीतरी जोरात नाक शिंकरलं.
सिलिकॉनचा जोड वितळून लोंबत होता.
अठ्ठ्याण्णव सालची झेन, मागे चिऱ्यांचा ट्रक,
हॉर्नवर हॉर्न.

लतीफ होडेकरने गाडी राजिवड्यात ओढून आणली.
आत डोकं घालून बराच वेळ उभा राहिला.
मग विचारलं, "पाट कधी खणलायस? वाडीत पाणी न्यायला?"
नाही, म्हटलं, आमच्याकडे नळ आहे.
"तरीच."

तीस वर्षं तो बोटींची इंजिनं करतो.
गाड्या त्याला खेळणी वाटतात.

त्याने सुंभ आणला,
खोपटीतला, काथ्याचा, सुक्या मासळीचा वास येणारा.
एक गाठ टर्बोच्या तोंडाला, एक इंटरकूलरच्या,
मधला सैल सोडला आणि बघत राहिला
तो कुठे टेकतो, कुठे अडतो, कुठे त्याला बरं वाटतं.
बॅटरी मागे सरकली. हॉर्न डावीकडे गेला.
मला म्हणाला, स्टिअरिंग पार वळव. आता उलटं, पार.
जॅक लावून चाक वर घेतलं, खाली घेतलं,
आणि दर खेपेला तो कमानीत हात घालून
काहीतरी मोजायचा, टेपशिवाय.

"इंजिन आपलं हलतं, बॉडी आपली हलते.
मध्ये दोन बोटं ठेव.
आम्ही दोघे भाऊ एका भिंतीला राहायचो,
मोहल्ल्यात विचार कसं घासायचं ते.
आता तो कर्ल्याला. ईदला येतो, जेवतो, जातो.
बेस चाललंय."

फिल्टर खाली बंपरमागे ठेवू, म्हटलं मी, थंड हवा मिळेल.
त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं.
पाणी पिऊन मेलेली इंजिनं त्याने हाताने उघडलीत.

पाइपच्या टोकाला वेल्डिंगचा कंगोरा,
क्लॅम्पला नख रोवायला.
क्लॅम्प मिरकरवाड्याचे, बोटीचे, स्टेनलेसचे;
साधे या हवेत गणपतीपर्यंतसुद्धा टिकत नाहीत.
एक्झॉस्टला काचेच्या कापडाची पट्टी, ओली करून, ताणून,
जखमेला बांधतात तशी.
त्याच्यापुढे पत्र्याचा आडोसा,
आणि आडोसाही कुणाला टेकलेला नाही.
बॉडीच्या भोकातून पाइप जातो तिथे
डिझेलची जुनी नळी उभी चिरून कडेला चढवली.
टर्बोतून तेल परत जायची नळी मात्र उतारानेच.
कुठे चढ नाही, कुठे पोट नाही.
"तेलाची समजूत काढता येत नाही," म्हणाला.

चहा आला तेव्हा कळलं,
एकदा वीस वाव पाण्यात, ऐन अमावास्येला,
इंजिन थंड करणारी नळी एका फळीला नुसती लागत होती.
नुसती.
सकाळपर्यंत मासळीच्या टबाने पाणी उपसत होते.
"भाऊ होता बरोबर," एवढंच बोलला
आणि बशी उलटी करून ठेवली.

निघताना त्याने मूठभर जांभ्याची माती पाण्यात कालवली
आणि नव्या चकचकीत पाइपांना फासली, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत.
माझा जीव हळहळला.
"भाट्याच्या पुलावरून पावसपर्यंत जा. पळव. खड्डे चुकवू नको."

गेलो. पळवली. झाडं मागे फेकली जात होती,
गेजचा काटा पॉइंट सहावर थरथरत होता,
आणि जोड धरून होते, सगळेच्या सगळे.
परत आलो तो हसत. बूस्टचं सांगायला लागलो.
लतीफ तोवर टॉर्च घेऊन गाडीखाली.

"इकडे ये."
लाल वाळलेल्या मातीत, डाव्या हॉर्नच्या पट्टीजवळ,
नखाएवढी जागा स्वच्छ पुसलेली.
अ‍ॅल्युमिनियम तिथे नुसतं चमकत होतं.

"एकच बोट ठेवलंस इथे," तो म्हणाला.
"खोल परत."